शुक्रवारी आलेली वजाबाकी दहा दिवसांत कुठे जाते? तिसरीच्या वर्गाच्या आठवड्याच्या आखणीविषयी प्रश्न

प्रश्न : तिसरीची वर्गशिक्षिका

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी इयत्ता तिसरीला शिकवते आहे आणि यंदा माझ्या वर्गात ३४ मुले आहेत. आठवड्याची आखणी मी पहिल्या वर्षापासून एकाच पद्धतीने करत आले आहे : सोमवारी नवा घटक शिकवायचा, मंगळवारी आणि बुधवारी त्याचा सराव घ्यायचा, गुरुवारी उजळणी आणि शुक्रवारी दहा गुणांची चाचणी. शुक्रवारी वह्या तपासून झाल्या की तो घटक माझ्या नोंदवहीत पूर्ण झालेला असतो आणि पुढच्या सोमवारी आम्ही पुढच्या घटकाकडे वळतो.

या महिन्यात दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी घेतली. शुक्रवारच्या चाचणीत बहुतेक मुलांना आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले आणि मला मनापासून समाधान वाटले. मधला एक आठवडा आम्ही लांबी मोजण्यात घालवला. त्यानंतरच्या सोमवारी, ५२ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्टीतून २७ सेंटिमीटरचा तुकडा कापला तर उरलेली पट्टी किती लांब असेल, असे मी मोजमापाच्याच ओघात विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत ३५ हे उत्तर होते. दहा दिवसांपूर्वी याच मुलांनी याच प्रकारची गणिते बरोबर सोडवली होती. एका मुलीने तर मला विचारले, "बाई, ही हातच्याची आहे का?" तिला हातचा घेता येत होता, पण तो कधी घ्यायचा हे ती फळ्यावरच्या शीर्षकावरून ओळखत होती, असे मला त्या क्षणी जाणवले आणि तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही.

भाषेतही मला हेच दिसते. श्रुतलेखनासाठी दिलेले दहा शब्द शुक्रवारी अचूक येतात आणि तेच शब्द दोन आठवड्यांनी निबंधात चुकीचे लिहिलेले सापडतात. मुले मेहनत करत नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण ती करतात. मग माझ्या आठवड्याच्या रचनेतच काही दोष आहे का? उजळणी वाढवायची तर वेळ कुठून आणायचा? दररोज शेवटच्या पंधरा मिनिटांत मी मुलांना गोष्ट वाचून दाखवते, ती वेळ उजळणीला द्यावी असे एका सहकारी शिक्षिकेने सुचवले आहे, पण मन तयार होत नाही. दर शुक्रवारी मी पालकांना जे छोटे पत्र पाठवते त्यात आजवर घटकाचे नाव आणि चाचणीचे गुण एवढेच लिहीत आले, तेही बदलावे का, यावरही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षिका

आपला प्रश्न वाचून मला माझी सुरुवातीची वर्षे आठवली, कारण माझाही आठवडा अगदी असाच होता आणि मीही शुक्रवारच्या गुणांवर विश्वास ठेवत होते. २९ वर्षे लहान मुलांना शिकवल्यावर मी ज्या निष्कर्षाला आले तो आधी सांगते : चार दिवस एकच गोष्ट केल्यावर पाचव्या दिवशी घेतलेली चाचणी ही मुलांना काय येते हे सांगत नाही, काल काय झाले ते आज आठवते का एवढेच सांगते. ती चाचणी खोटी नसते, पण आपण तिचा अर्थ जास्त काढतो.

विसरण्याचा वेग किती असतो हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते. त्यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे वर्गाला लावता येत नाहीत, परंतु त्यातला मूळ आकार प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा आहे : सुरुवातीला विस्मरण फार वेगाने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. शिवाय तीच उजळणी एकाच बैठकीत करण्यापेक्षा दिवसांवर पसरली तर कमी कष्टात जास्त टिकते, हेही त्यांनी नोंदवले होते. आपल्या आखणीत उजळणी आहेच, पण ती सगळी त्याच आठवड्यात कोंबलेली आहे. विसरायला सुरुवात होण्याआधीच ती संपते, म्हणून तिचा उपयोग थोडा होतो.

दुसरी गोष्ट उजळणीच्या पद्धतीविषयी आहे. गुरुवारी आपण फळ्यावर एक उदाहरण पुन्हा सोडवून दाखवत असाल आणि मुले माना डोलवत असतील, तर मुलांना ते ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा त्यांचा आणि आपलाही समज होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वही मिटून स्वतःच्या मनातून बाहेर काढण्याचा जो प्रयत्न असतो, त्यानेच गोष्ट पक्की होते, हे माझ्या वर्गातही मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मी प्रत्यक्षात काय करत होते ते सांगते. सोमवारी नवा घटक सुरू करणे मी बंद केले. दोन दिवस घरी राहून आलेली मुले सकाळी विखुरलेली असतात, कोणाला झोप अपुरी असते, कोणाला सुट्टीतली हकिकत सांगायची असते. त्यांची हकिकत पाचएक मिनिटे ऐकून घेतल्यावर मी कोरे चिठोरे वाटत असे आणि फळ्यावर चार प्रश्न लिहीत असे : एक मागच्या आठवड्यातला, दोन त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांतले आणि एक महिन्यापूर्वीचा. वही उघडायची नाही, शेजारी पाहायचे नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुण नाहीत. दहा मिनिटांनी आम्ही उत्तरे मिळून पाहत असू आणि ज्याने त्याने आपली चूक आपणच दुरुस्त करायची. चिठोरा मुलाकडेच राहत असे. बुधवारी पुन्हा असेच चार प्रश्न. आठवड्यात एकूण वीस मिनिटे लागली आणि गुरुवारची सबंध उजळणीची तासिका मोकळी झाली, म्हणजे वेळ वाढवावा लागला नाही, उलट थोडा वाचलाच.

पहिले तीन आठवडे कठीण जातात, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मुलांना आठवत नाही, ती गोंधळतात, काही रडवेली होतात, कारण आतापर्यंत त्यांना शुक्रवारी आठ-नऊ गुण मिळवायची सवय असते. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्या सोमवारी कोरा चिठोरा उलटा करून त्यावर हात ठेवला आणि तो हात शेवटपर्यंत उचलला नाही. त्याच्याजवळ बसून मी एवढेच विचारले की चारपैकी कोणता प्रश्न थोडासा ओळखीचा वाटतो. त्याने एकाकडे बोट दाखवले, तेवढाच आम्ही दोघांनी सोडवला आणि पुढच्या खेपेला त्याने तोच प्रकार एकट्याने केला. विसरणे ही चूक नाही, आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास आहे, हे शिक्षकाने शब्दांतून आणि वागण्यातून दोन्हीकडून सांगावे लागते.

शुक्रवारच्या चाचणीबद्दल माझे मत असे की ती बंद करू नये, फक्त तिच्यातला मजकूर मागे सरकवावा. या शुक्रवारी या आठवड्याचे काही विचारायचे नाही, तीन आठवड्यांपूर्वीचे विचारायचे. गुण आधी खाली येतील. ते आपल्याला वाईट वाटले तरी खरे असतील.

उत्तर : पाचवीचे गणित शिक्षक

वरील उत्तरातील अनुभवाबद्दल मला आदर आहे, तरीही आपल्या प्रश्नातील ३५ हे उत्तर वाचून मला थोडी वेगळी शंका आली आणि ती मांडणे आवश्यक वाटते. हे केवळ विस्मरण नाही. विसरलेले मूल जागा कोरी सोडते किंवा काहीतरी अंदाजाने लिहिते. येथे निम्म्या वर्गाने एकच चुकीचे उत्तर लिहिले आहे, याचा अर्थ ती मुले एका निश्चित नियमाने चालली आहेत : प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, तो वर असो की खाली. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, म्हणून पस्तीस. मुलांच्या दृष्टीने हा नियम सुसंगत आहे, आणि हातच्याची वजाबाकी येण्यापूर्वी तो त्यांना कधी दगा देत नव्हता.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतील चुकांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की पुष्कळ चुका निष्काळजीपणातून होत नाहीत, तर त्या नियमबद्ध असतात आणि तो नियम हाती आला की मूल पुढचे गणित कसे चुकवणार हेही आधी सांगता येते. आपल्या वर्गासाठी ४०३ वजा १७८ हे गणित घालून पाहावे. बरोबर उत्तर २२५ आहे. ज्याने ३७५ लिहिले तो अजून मोठ्यातून लहान वजा करतो आहे. ज्याने ३२५ लिहिले त्याला हातचा घ्यायचा हे कळले आहे, मधल्या शून्याचे नऊ होतात हेही त्याने लक्षात ठेवले आहे, पण ते नऊ शतकातून आले आणि म्हणून चाराचे तीन झाले पाहिजेत, हे त्याला ठाऊक नाही. दोघांनाही आपण शून्य गुण देतो, वास्तविक या दोघांना दोन वेगळ्या शिक्षणाची गरज आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की चिठोऱ्यांवरील आठवणीचा सराव उत्तम आहे, पण जे पक्के करायचे ते आधी बरोबर असले पाहिजे. चुकीची रीत दर सोमवारी आठवून लिहिली आणि तिची चिकित्सा झाली नाही, तर तीच पक्की होईल.

यासाठी मी आठवड्याच्या मधोमध, म्हणजे बुधवारी, शिकवणे थांबवतो. मुलांच्या वर्गपाठाच्या वह्या मी मंगळवारी गुण न देता फक्त वाचतो आणि चुकांच्या प्रकारानुसार त्यांच्या तीन-चार थप्प्या लावतो. बुधवारी त्या थप्प्यांप्रमाणे मुले गटात बसतात. ज्यांची रीत पक्की आहे त्यांना मी शाब्दिक उदाहरणे तयार करायला देतो, आणि हे काम ती फार आवडीने करतात. उरलेल्यांसोबत मी काड्यांचे गठ्ठे घेऊन जमिनीवर बसतो. दहा काड्यांचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. आता सात काड्या द्यायच्या आहेत आणि हातात दोनच सुट्या आहेत, तर काय करशील, असे विचारले की मूल स्वतःच गठ्ठ्याचा दोरा सोडते. त्या क्षणी दशक सुटा करणे म्हणजे काय हे त्याच्या हातांना कळते. जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडले होते की मूल एखादी कल्पना आधी कृतीतून, मग चित्रातून आणि मग चिन्हांतून हाताळते. आपण घाईने तिसऱ्या पायरीवर जातो आणि उभ्या मांडणीत आकड्यांवर काट मारायला शिकवतो. गठ्ठा सोडल्यावर लगेच तेच वहीत चित्राने काढायचे आणि त्याच पानावर शेजारी उभी मांडणी करायची, ही जोडी मी कधी तुटू देत नाही, कारण काड्या आणि आकडे यांचा संबंध मूल आपोआप लावेल असे गृहीत धरले की काड्यांचा नुसता खेळ होतो.

आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला "ही हातच्याची आहे का?" हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आठवडाभर एकाच प्रकारची गणिते दिली की कोणती रीत वापरायची हे ठरवण्याची वेळच मुलावर येत नाही, ते काम शीर्षकाने आधीच केलेले असते. डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली सातवीच्या विद्यार्थ्यांसोबत केलेल्या अभ्यासात काहींचा सराव प्रकारानुसार वेगळा ठेवला आणि काहींचा मिसळला. सर्वांची एकत्र उजळणी घेऊन एका दिवसाने केलेल्या चाचणीत मिसळलेल्या सरावाच्या गटाला सरासरी ८० टक्के आणि दुसऱ्या गटाला ६४ टक्के मिळाले. तीस दिवसांनी हेच आकडे ७४ आणि ४२ होते. तिसरीच्या पातळीवर याचा साधा अर्थ असा की दहा गणितांपैकी चार हातच्याची वजाबाकी, दोन बिनहातच्याची, दोन बेरजेची आणि दोन लांबीची असावीत, वर शीर्षक नसावे, आणि सोडवण्यापूर्वी प्रत्येक गणितासमोर मुलाने "हातचा लागेल" किंवा "लागणार नाही" एवढेच लिहावे.

जाता जाता आणखी एक सूचना. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करून दाखवले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यास मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात आणि "माहीत नाही" हे उत्तर कमी होते. तीन सेकंदांची शांतता वर्गात फार मोठी वाटते. मी मनात आकडे मोजून ती सहन करायला शिकलो.

उत्तर : एक पालक

मी शिक्षिका नाही, माझा मुलगा तिसरीत आहे, म्हणून फक्त पत्राविषयी लिहिते. आमच्याकडेही असे साप्ताहिक पत्र येते. त्यात गुण असले की आमचे त्या दिवशीचे सगळे बोलणे गुणांभोवती फिरते, दोन गुण कुठे गेले, पुढच्या वेळी लक्ष दे, आणि मुलाचा चेहरा उतरतो. "आज काय शिकलास?" या प्रश्नाला त्याचे ठरलेले उत्तर "काही नाही" असे आहे. एकदाच एका पत्रात लिहिले होते की या आठवड्यात मुलांनी एक बी ओल्या कापडात गुंडाळून रोज पाहिली, आधी खाली काय फुटले आणि नंतर वर काय आले ते त्यांना विचारा. त्या दिवशी तो अर्धा तास बोलत होता आणि त्याने चित्रही काढून दाखवले. मला त्याला काही शिकवावे लागले नाही, मी फक्त ऐकत होते. बाई, आपल्या पत्रात प्रत्येक आठवड्याला असा एकच प्रश्न दिलात तर आमच्यासारख्या पालकांना घरी नेमके काय करायचे हे कळेल. घटकाचे नाव वाचून आम्हाला तसे काही कळत नाही, कारण आमच्या वेळची रीत वेगळी होती आणि आम्ही ती मुलांवर लादतो, त्यातून गोंधळ वाढतो.

प्रतिसाद : तिसरीची वर्गशिक्षिका

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वजाबाकीच्या वह्या मी पुन्हा काढून पाहिल्या आणि शिक्षकमहोदयांचे निदान बरोबर निघाले. एकाच चुकीच्या वह्यांची थप्पी खरोखरच सर्वांत उंच झाली. एक अडचण मात्र विचारायची राहिली आहे. सोमवारच्या चिठोऱ्यांना गुण नाहीत आणि वर्गपाठालाही नाहीत, असे झाले तर मुले ते गंभीरपणे घेतील का? काही मुले पहिल्याच दिवसापासून "बाई, याला किती मार्क?" असे विचारतात.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षिका

आपली शंका रास्त आहे आणि तिला माझ्याकडे अनुभवापेक्षा भक्कम आधार आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात एका गटाला कामावर फक्त लेखी अभिप्राय दिला, दुसऱ्याला फक्त गुण आणि तिसऱ्याला गुण आणि अभिप्राय दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि त्यांची आवडही टिकली. शिक्षकांना आश्चर्य वाटेल असा भाग म्हणजे गुणांसोबत अभिप्राय दिला तेव्हा त्या अभिप्रायाचा लाभ जवळजवळ दिसला नाही. मुले आधी गुण पाहतात, शेजाऱ्याचे विचारतात आणि वही मिटवतात. आपण कष्टाने लिहिलेली ओळ वाचलीच जात नाही.

अभिप्राय मात्र "छान", "अजून मेहनत घे" असा नसावा. "दशक सुटा केलास, ते बरोबर आहे. आता पाच दशकांतले किती उरले ते वर लिही" अशी एक ओळ पुरते, आणि ती दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीसाठी पाच मिनिटे द्यावीत. चौतीस वह्यांत रोज असे लिहिणे अशक्य आहे, हे मला माहीत आहे. मी रोज सात-आठ वह्याच लिहून देत असे, त्यामुळे आठवड्यात प्रत्येक मुलाला एकदा माझी ओळ मिळत असे. किती मार्क, हे विचारणे महिनाभरात थांबते.

उत्तर : भाषेची शिक्षिका

गोष्टीच्या पंधरा मिनिटांवर कोणी काहीच बोलले नाही, म्हणून मी लिहिते आहे, कारण हा विषय मला फार जवळचा आहे. कृपया ती वेळ देऊ नका.

तिसरीतले मूल जे स्वतः वाचू शकते त्यापेक्षा कितीतरी अवघड मजकूर ऐकून समजू शकते. त्याचे वाचन अजून शब्दांशी झगडत असते, जोडाक्षर आले की थांबते, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरते. आपण मोठ्याने वाचतो तेव्हा तो भार आपण उचललेला असतो आणि मुलाचे सगळे लक्ष अर्थाकडे जाते. लांब वाक्य कुठे श्वास घेते, "परंतु" आल्यावर गोष्ट कशी वळते, पात्र रागावले आहे हे न सांगता लेखकाने कसे कळवले, हे मुलांना प्रथम कानांनीच कळते. शब्दसंपत्तीचेही तसेच आहे. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स यांनी १९८८ साली इंग्रजीतील मजकूर मोजून दाखवले की मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ दुर्मीळ शब्द येतात, तर सुशिक्षित प्रौढांच्या आपसातील बोलण्यात सुमारे १७. हे आकडे आपल्या भाषेचे नाहीत, परंतु बोलण्यातली भाषा आणि पुस्तकातली भाषा यांत अंतर असते हे आपण मराठीतही रोज अनुभवतो. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत त्याला ते अंतर ओलांडायला वर्गातली ही पंधरा मिनिटेच मिळतात.

शिवाय आठवणीचा सराव गोष्टीतही करता येतो आणि त्याला वेगळा वेळ लागत नाही. पुस्तक उघडण्यापूर्वी मी विचारते, काल आपण कुठे थांबलो होतो? पहिले मूल एक धागा देते, दुसरे त्यात भर घालते, तिसरे म्हणते की नाही, ते त्याआधी झाले होते, आणि दोन मिनिटांत कालचे सबंध प्रकरण वर्गाने मिळून पुन्हा उभे केलेले असते. काल गैरहजर असलेल्या मुलाला त्याच वेळी सगळे कळते, त्याला एकटे पडल्यासारखे वाटत नाही.

श्रुतलेखनाबद्दल थोडेसे. दहा सुटे शब्द आठवड्यापुरते पाठ करण्यापेक्षा, शब्दांमागचा नियम धरून गट करावेत आणि ते वाक्यांतून द्यावेत. कवी-कवीचा, गुरू-गुरूला अशा शब्दांत मराठीत अन्त्य इकार-उकार दीर्घ असतो, हे एकदा मुलांनीच अनेक शब्द गोळा करून शोधले की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करण्याचे ओझे कमी होते. पाणी-पाण्यात, पाटी-पाट्या असे रूप बदलताना अक्षराचे काय होते, हेही त्यांना शोधायला द्यावे. मागच्या आठवड्यांतले दोन-तीन शब्द प्रत्येक श्रुतलेखनात पुन्हा आले पाहिजेत, आणि निबंध तपासताना मी फक्त तेवढ्याच नियमांच्या चुका खुणावते. सगळ्या चुका लाल केल्या की मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहिते.

शुक्रवारची शेवटची तासिका जमत असल्यास वर्गसभेसाठी ठेवावी असे मी सुचवीन. सर्व मुले गोल बसतात. या आठवड्यात कोणी कोणाला मदत केली, कोणते काम अवघड गेले, कोणाची कोणाविषयी तक्रार आहे, हे क्रमाने बोलले जाते आणि ज्याला बोलायचे नाही त्याने "पुढे" म्हणायचे. फळा पुसणे, वह्या वाटणे, कुंडीला पाणी घालणे ही पुढच्या आठवड्याची कामेही तिथेच वाटून घेतली जातात. मी असे पाहिले आहे की चूक सांगताना ज्या वर्गात हसले जात नाही, त्याच वर्गात मुले गणिताच्या तासालाही हात वर करतात. माझ्याकडे एक मुलगी सलग सात शुक्रवार "पुढे" म्हणत होती. आठव्या शुक्रवारी ती म्हणाली की तिला कुंडीचे काम पुन्हा हवे आहे, कारण मागच्या वेळी फूल येण्याआधीच तिची पाळी संपली. वर्गाने ते एकमताने मान्य केले.

प्रतिसाद : तिसरीची वर्गशिक्षिका, पाच आठवड्यांनंतर

सर्वांना कळवायचे होते म्हणून पुन्हा लिहिते आहे. सोमवारी आणि बुधवारी चार प्रश्नांचे चिठोरे सुरू केले, नवा घटक मंगळवारी नेला आणि बुधवारी वह्यांच्या थप्प्यांप्रमाणे गट केले. पहिल्या दोन शुक्रवारी गुण एवढे खाली आले की मला रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ते हळूहळू वर येत आहेत, अजून पूर्वीइतके नाहीत, पण आता मागच्या तीन आठवड्यांचे विचारूनही एवढे येते आहे, हे मला पूर्वीच्या आठ-नऊ गुणांपेक्षा मोलाचे वाटते.

काड्यांचे गठ्ठे सर्वांत उपयोगी पडले. ४०३ वजा १७८ हे गणित मी कालच दिले. ३७५ लिहिणारी पाच मुले उरली आहेत आणि ३२५ लिहिणारी नऊ, म्हणजे येत्या बुधवारी दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा सोडायचा आहे आणि मधली दशकांची जागा रिकामी असताना तो कसा सोडायचा, हे त्या नऊ जणांसोबत जमिनीवर बसून पाहायचे आहे. पाच जणांना अजून ५२ आणि २७ वरच थांबवले आहे.

पालकांच्या पत्रातून गुण काढले. दोन पालकांनी त्याबद्दल नापसंती कळवली, त्यांना भेटून वही दाखवली, त्यातले एक समाधानी झाले आणि दुसऱ्यांशी बोलणे अजून चालू आहे. या आठवड्याच्या पत्रात एकच ओळ लिहिली : "चाळीस काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या असतील, तर आठ काड्या कशा देता येतील, हे मुलाकडून समजून घ्या, आपण सांगू नका." सोमवारी सकाळी एक मुलगा दप्तर उतरवण्याआधीच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, बाबांनी आधी सात सोडल्या, मग मी त्यांना दाखवलं."

गोष्टीची वेळ तशीच आहे. कालची गोष्ट आठवून सांगायला आता एवढे हात वर होतात की वाचायला कधी कधी दहाच मिनिटे उरतात, म्हणून चित्रकलेच्या तासानंतरची आवराआवर लवकर संपवून पाच मिनिटे तिथून घेतली आहेत. ज्या मुलीने "ही हातच्याची आहे का?" असे विचारले होते, ती आता गणितासमोर "लागेल" असे लिहून त्याखाली कारणही लिहिते : "कारण दोनातून सात जात नाहीत." तिच्या वहीत मी अभिप्राय लिहिला की दोनातून सात जात नाहीत हे तू ओळखलेस, आता गठ्ठा सोडल्यावर ते किती होतात तेही लिही. तिचे उत्तर अजून यायचे आहे, वही उद्या परत येईल.